श्टाउफरचे ढिले चेंडू

१

शुक्रवारी सकाळी माझ्या बर्फाच्या कपाटातला बीफचा स्टेक नाहीसा झाला, आणि त्याच दिवशी दुपारी एमिल श्टाउफरची अब्रू गेली. खोटं कशाला बोलू, मला आधी वाईट वाटलं ते स्टेकचं. चांगला पंजाएवढा, जाडजूड तुकडा होता. शनिवारच्या जेवणासाठी खाटकाशी हुज्जत घालून आणलेला.

टॅनरी फॉल्समध्ये नवऱ्यामागे मी घरात भाडेकरू ठेवत असे, खोली आणि तिन्ही वेळचं जेवण. त्या वर्षी गावच्या बेसबॉल क्लबचे तीन खेळाडू माझ्याकडे होते. शिवाय वरच्या मजल्यावर म्हातारे एबनर ट्रास्क. हे ट्रास्क पूर्वी सामन्यांत पंच असायचे. लोकांनी त्यांना उभा जन्म आंधळा म्हणून शिव्या घातल्या आणि आता म्हातारपणी खरोखरच दिसेनासं झालं होतं. पण कान तिखट, आणि डोकं त्याहून तिखट.

शुक्रवारी माझ्याकडे सगळ्यांना मासे. फलंदाजामागे उभा राहून चेंडू झेलणारा आमचा कॅचर डेनिस मुल्काही आयरिश, कट्टर कॅथलिक. शुक्रवारी मांसाला तोंड लावणं म्हणजे त्याला महापाप. एकट्यासाठी वेगळं कोण रांधत बसणार? तेव्हा ख्रिस्ताला मानणारे न मानणारे सगळे त्या दिवशी कॉडच खायचे आणि कुरकुरायचे.

दुपारी पोर्ट लायलच्या क्लबशी सामना झाला. मी सामन्यांना जात नसे. बातमी मात्र धावत घरी आली. आपण हरलो, आणि असे हरलो की पाहवेना. एमिल आमचा पिचर. त्या काळी चेंडू कमरेखालून फेकायचा नियम होता, फलंदाज 'वर टाक' नाहीतर 'खाली टाक' म्हणून मागायचा आणि पिचरने तसा द्यायचा. एमिल द्यायचाही, पण त्याचा चेंडू असा सणसणत यायचा आणि शेवटच्या क्षणी असा वळायचा की मागणाऱ्याला मागितल्याचा पस्तावा व्हायचा. त्या शुक्रवारी त्याने चेंडू कसे टाकले? बाळाला खेळवायला टाकावेत तसे. लोकांनी हुर्यो केली. कोणीतरी ओरडलं, "कितीला विकलास रे सामना?" आणि तो शब्द गावभर झाला.

शनिवारी सकाळी न्याहारी चालू असताना क्लबचे सेक्रेटरी व्हीलॉक आले. हॅटही काढली नाही.

"ट्रास्कसाहेब, आज पाच वाजता कमिटी बसतेय. श्टाउफरने सामना विकला असं ठरलं, तर त्याचं नाव सगळ्या क्लबांना कळवू. मग या देशात त्याला कोणी मरेपर्यंत मैदानावर उभं करणार नाही."

"ठरलंच आहे म्हणता, मग माझ्याकडे कशाला आलात?" ट्रास्क म्हणाले.

"लोकांनी म्हणू नये की चौकशी केली नाही. तुमच्या शब्दाला मान आहे. पाचच्या आत विचारपूस करा आणि काय ते सांगा."

"साक्षीदार कोण?"

व्हीलॉकनी टेबलाच्या टोकाला बोट दाखवलं. तिथे डेनिस मुल्काही डाव्या हाताने पाव खात होता. उजवा हात कोटाच्या खिशात.

"ज्याने त्याचे चेंडू झेलले तोच," व्हीलॉक म्हणाले. "त्याचा जिवाभावाचा दोस्त."

२

एमिल न्याहारीला आलाच नव्हता. आम्ही वर गेलो तेव्हा तो ट्रंक भरत होता.

"निघालास?" ट्रास्कनी आवाजावरून ओळखलं.

"पाच वाजेपर्यंत आहे, साहेब."

ट्रास्क खुर्चीत बसले आणि मी दारात उभी राहिले. खरं तर मला कोणी बोलावलं नव्हतं, पण घर माझं होतं.

हा एमिल म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या पाटीच्या दगडाच्या खाणीतला जर्मन पोरगा. बाप खाणीत, चुलते खाणीत. हाही लहानपणीच खाणीत लागला आणि जेवणाच्या सुट्टीत दगडाच्या चिपा भिरकावून भिरकावून त्याला चेंडू वळवायची ती करामत सापडली. आधी खाणीच्या संघात, मग दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर शेजारच्या गावात, मग पगारी क्लबांत. खेळण्याचा पगार मिळतो हे त्याच्या बापाला शेवटपर्यंत पटलं नाही. तो म्हणायचा, पोरगं कुठेतरी चोऱ्या करतंय. तीन क्लब बदलून एमिल आमच्याकडे आला आणि त्याच्या जोरावर आम्ही मोठमोठ्या शहरांना पाणी पाजायला लागलो. बोलायला मात्र कंजूष. मीठ हवं असलं तर मिठाकडे बघत बसायचा.

"सामना विकलास?" ट्रास्कनी सरळच विचारलं.

"नाही."

"दुखतंय? खांदा? कोपर?"

"नाही."

"मग जोरात का नाही टाकलेस?"

एमिल ट्रंकेचं कुलूप बघत राहिला. मला राहवेना. "अरे, बोल ना! तोंडात मूग गिळून काय बसलास? जन्माचा प्रश्न आहे तुझ्या!"

"ठाऊक आहे, बाई," तो म्हणाला. आणि बाई म्हणताना त्याचा आवाज फाटला. इतका धिप्पाड माणूस, पण मला त्याच्याकडे बघवेना.

ट्रास्कनी त्याचे दोन्ही तळवे हातात घेऊन चाचपले. "जखम नाही, फोड नाही. मग व्हीलॉक म्हणतात की तू दर चेंडूआधी तो विजारीला पुसत होतास. सट्टेवाल्यांना ती खूण होती, असं त्यांचं म्हणणं. काय पुसत होतास?"

"चेंडू निसटत होता."

"कोरड्या खणखणीत उन्हात?"

त्याने हात सोडवून घेतले.

"थांबा," मी म्हटलं. "ती विजार माझ्याकडे धुवायला पडलीय. उजव्या मांडीवर हा एवढा तांबडा डाग. रक्त म्हणून थंड पाण्यात टाकली. लाली गेली, पण खाली तेलकट डाग तसाच. रात्रभर साबण लावून ठेवलीय, अजून जात नाही. काय लावून घेतलं होतंस रे?"

एमिलच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "विजार फेकून द्या," तो म्हणाला. "कोणाला दाखवू नका. पाया पडतो तुमच्या."

तेवढं बोलून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. आम्ही खाली आलो. आता मलाही वाटायला लागलं होतं की पाणी कुठेतरी मुरतंय. ट्रास्क जिन्यावर थांबले आणि म्हणाले, "पेटिंगिलबाई, जखम नसलेल्या माणसाच्या विजारीला रक्त कोणाचं लागलं?"

३

डेनिस स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता. तो आगीचा गोळा. एमिल जितका मुका तितका हा वाचाळ. बायको आणि दोन पोरं बफेलोला, याच्या पगारावर जगणारी.

"मला काय विचारता? त्यालाच विचारा!" त्याने डाव्या मुठीने टेबल आपटलं. कप नाचले. "मी त्याच्यासमोर उभा होतो. दोन वर्षं त्याचे चेंडू झेलतोय. छातीचा पिंजरा हलतो असे चेंडू! काल काय आलं? कापूस! मी ओरडलो, टाक की रे! तर माझ्याकडे असा बघतो, जणू माझ्या मयतीला आलाय. विकला हो, विकला त्याने. आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही!"

"सांगितलं असतं तर?" ट्रास्कनी विचारलं.

"तर थोबाड फोडलं असतं! निदान मला ठाऊक तरी असतं." त्याचे डोळे भरून आले होते. रागापेक्षा त्याला दुःखच जास्त झालं होतं.

"चेंडू निसटत होता म्हणे."

डेनिस क्षणभर अडखळला. "मला नाही जाणवलं. पोर्ट लायलच्या पिचरने एक-दोनदा मातीत घोळवला खरा. पण त्याचं काय! तो सरळसोट टाकणारा बैल, त्याला चेंडू साबणासारखा झाला काय नि लाकडासारखा झाला काय."

सामन्याला तेव्हा एकच चेंडू असायचा. दोघांनी तोच वापरायचा, फाटेपर्यंत.

"तुझा तो हातमोजा कुठे आहे?" ट्रास्क म्हणाले. तळव्यापुरतं पातळ कातडं आणि बोटं कापलेली, एवढंच ते असायचं. तेवढं घातलं तरी लोक 'ए बाहुली' म्हणून कॅचरला चिडवायचे. बोटं मोडणं हा धंद्याचा भाग होता आणि मोडलेली बोटं लपवणं हाही. कारण व्हीलॉकसारख्यांचा कायदा साधा होता. जायबंदी खेळाडू म्हणजे लंगडा घोडा, त्याच दिवशी घरी पाठवायचा.

"मैदानावर राहिला," डेनिस म्हणाला आणि निघून गेला.

मग आला लायमन पीज. हा आमचा बदली पिचर. एमिल आहे तोवर याला उजव्या कोपऱ्यात उभं राहून गवत मोजायचं काम. एमिल गेला तर गादी याचीच. शिवाय गोड बोलणारा, आणि गोड बोलणाऱ्यांवर माझा पहिल्यापासून संशय.

"पीज," मी ट्रास्कच्या आधीच सुरू केलं, "शुक्रवारी सकाळी तू माझ्या कपाटात हात घातला होतास!"

तो पांढराफटक पडला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. "बाई, मी... भूक लागली होती. मासे मला आवडत नाहीत. पण सगळं नाही खाल्लं, फक्त अर्धं!"

"अर्धा कच्चा स्टेक?"

"स्टेक? कसला स्टेक? मी सफरचंदाच्या गोड पायबद्दल बोलतोय!"

तेव्हा मी कपाटात खालच्या खणात पाहिलं. सफरचंदाच्या पायचा अर्धा भाग गायब, आणि उरलेला असा सरकवून ठेवलेला की वरून अख्खा दिसावा. एका चोरीचा तपास करायला निघाले, तर दुसरी हाती लागली.

ट्रास्क मात्र हसले नाहीत. "पीज, कपाटाशी गेलास तेव्हा स्टेक होता?"

"नव्हता, साहेब. रिकामी बशी होती, रक्ताळलेली."

"पेटिंगिलबाई, तुमचा तवा कोणी वापरला होता? चूल कोणी पेटवली?"

"माझ्याआधी? कोणाची छाती आहे! तवा जागच्या जागी होता. आणि घरात कुत्रं नाही की मांजर नाही."

"म्हणजे कच्चंच मांस नेलं. खायला नाही नेलं." ते उठले. "डोक्यावर टोपी घाला. पोर्ट लायलची गाडी गाठायचीय. तिथे मला तुमचे डोळे लागतील."

"स्टेक शोधायला पोर्ट लायलला?"

"चेंडू शोधायला. आणि देवाची प्रार्थना करा की त्याच्यावर अजून सोनेरी रंग चढला नसेल."

४

जिंकणाऱ्याने सामन्याचा चेंडू घेऊन जायचा, ही तेव्हाची रीत. मग तो रंगाऱ्याकडे जायचा. त्याला सोनेरी रंग द्यायचा, त्यावर सामन्याची तारीख आणि धावा लिहायच्या आणि काचेच्या कपाटात मांडायचा. आम्हाला हरवल्याचा चेंडू पोर्ट लायलवाले एक दिवससुद्धा रंगवल्याशिवाय ठेवणार नव्हते.

रंगाऱ्याचं दुकान स्टेशनसमोरच होतं. आम्ही आत शिरलो आणि मी पाहिलं, खिडकीत सोनेरी चेंडूंची रांग वाळत घातलेली. वाटलं, आपला चेंडूही गेला.

"कालचा टॅनरी फॉल्सचा चेंडू?" ट्रास्कनी विचारलं.

"त्याचं नाव काढू नका!" रंगारी करवादला. "तुम्ही त्यांच्यापैकी का? काय चेंडू खेळता तुम्ही लोक? सकाळपासून तीनदा रंग दिला, तीनदा ओघळला. धरतच नाही. हा बघा!"

त्याने फळीवरून चेंडू काढला. मळकट, तपकिरी, इकडेतिकडे सोनेरी थेंब चिकटलेले.

"काय दिसतं सांगा," ट्रास्क माझ्या कानाशी म्हणाले.

"शिवणीत वाळलेलं रक्त. आणि हे..." मी बोटाने चाचपलं, मग नाकाशी नेलं. "चरबी आहे. शिवणीत पांढरी गोळी बसलीय. गरम तव्यावर टाकली तर वितळेल."

"तेच तर!" रंगारी म्हणाला. "चरबीवर रंग कसा बसणार? आणि उद्यापर्यंत द्यायचाय मला."

"आम्ही संध्याकाळपर्यंत नेतो," ट्रास्क म्हणाले. "धुऊन आणून देतो. पंचाचा शब्द आहे."

"न्या बाबा! धुवा, उकळा, काय हवं ते करा!"

परतीच्या गाडीत ट्रास्क चेंडू रुमालात बांधून मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. एमिलच्या विजारीवर तेलकट डाग, चेंडूवर चरबी. हे प्रकरण खेळाचं आहे की स्वयंपाकाचं, हेच मला कळेना.

"पेटिंगिलबाई, माणसाचा हात फुटला तर रक्त येतं. चरबी येते का?"

"मी नाही कधी पाहिली."

"सूज आली की आपल्याकडे काय बांधतात?"

"कच्चं मांस. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या नवऱ्याचा डोळा सुजायचा तेव्हा..." आणि मी थांबले.

"तुमचा स्टेक काल भर मैदानात होता," ट्रास्क म्हणाले. "सगळ्या गावासमोर. आता एवढंच दाखवायचंय की तो कोणाच्या हातात होता, आणि तोही आरोपीच्या तोंडून काही न काढता."

गाडी पुलावर येऊन उभी राहिली आणि हलेना. पुढे मालगाडी अडकली होती. पलीकडे दिसणाऱ्या आमच्या स्टेशनच्या घड्याळात पाच वाजायला थोडाच वेळ उरला होता.

५

आम्ही पोचलो तेव्हा कमिटी बसली होती. खोगिराच्या दुकानावरची खोली, चामड्याचा वास, मधोमध व्हीलॉक, दोन्ही बाजूंना दोन वजनदार गृहस्थ. एमिल भिंतीशी उभा. पायाशी ट्रंक.

"उशीर झाला, साहेब," व्हीलॉक म्हणाले. "मुल्काहीची साक्ष ऐकून झाली. आता फक्त सही करायचीय."

"शपथेवर ऐकलीत?" ट्रास्कनी धापा टाकत विचारलं.

"शपथ कशाला? तो काही..."

"एका माणसाचा जन्म पुसून टाकताय. मी पंच म्हणून सांगतो, शपथेशिवायची साक्ष मी धरत नाही. बायबल आणा. मुल्काही, पुढे ये. डावा हात पुस्तकावर, उजवा वर."

डेनिस जागचा हलला नाही.

"साक्ष खरी आहे ना तुझी?"

"शब्द न् शब्द!"

"मग हात वर कर."

डेनिसने एकदा दाराकडे पाहिलं. मग हळूहळू खिशातून हात काढला आणि वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याच्याइतकं कोणालाच लागू पडलं नसेल. मधली दोन बोटं सुतळीने एकत्र बांधलेली, काळीनिळी, वांग्याएवढी सुजलेली.

"ही कधी मोडली?" ट्रास्कनी विचारलं. त्यांना दिसत नव्हती, पण खोलीतला श्वास अडकलेला त्यांनी ऐकला होता.

"गुरुवारी सरावात," डेनिस पुटपुटला. "कोणाला सांगितलं नाही. सांगून काय, घरी जाऊ?"

"आणि शुक्रवारी सकाळी पेटिंगिलबाईंच्या कपाटातला स्टेक काढून हातमोज्याच्या आत घातलास. दुखऱ्या हाताला गादी म्हणून."

"अरे मेल्या!" मी ओरडले. सगळे दचकले. "तूच? शुक्रवारी मांस बघितलं तरी क्रूसाची खूण करणारा तू?"

"खाल्लं नाही, बाई! देवाशपथ, खाल्लं नाही! हातात धरायला कुठे मनाई आहे?"

"तेच तर मला आधी सुचायला हवं होतं," ट्रास्क म्हणाले. "शुक्रवारी कच्चं मांस कोण नेतं? ज्याला ते खायचंच नाही तो. ऐका, व्हीलॉक. चेंडू त्या मोज्यावर आदळत राहिला. मांसाचा झाला लगदा. रक्त आणि चरबी चेंडूला लागत राहिली. हा चेंडू बघा, रंगाऱ्याचा रंगसुद्धा याच्यावर बसत नाही. एमिलचा चेंडू वळतो तो बोटांच्या पकडीने. असल्या बुळबुळीत चेंडूला पकड कुठून येणार? म्हणून तो विजारीला पुसत होता. सट्टेवाल्यांसाठी नाही. ती विजार पेटिंगिलबाईंच्या टबात आहे, हवी तर हुंगून या."

"वळला नाही, मान्य," व्हीलॉक म्हणाले. "पण हळू का टाकला? हळू टाकायला चरबी लागत नाही."

ट्रास्क एमिलकडे वळले. "ते मी सांगू की तू सांगतोस? आता लपवायला काही उरलेलं नाही, पोरा. त्याचा हात सगळ्यांनी पाहिलाय."

एमिलने डेनिसच्या बोटांकडे पाहिलं. मग बोलला, आणि त्याला एवढं सलग बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"खाणीत माझे चेंडू चुलतभाऊ योस्ट झेलायचा. मी जोरात टाकायचो. लोक टाळ्या वाजवायचे, म्हणून आणखी जोरात. त्याचा हात सुजला होता. त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एक दिवस हात फुटला. मग तो सडला. आता त्याला हातोडी धरता येत नाही. त्याची बायको घर चालवते." तो थांबला. "काल दुसऱ्याच डावात डेनिसने चेंडू परत टाकला तो लाल होऊन आला. पुसला, पुन्हा लाल. मला वाटलं, ह्याचाही हात फुटला. थांब म्हटलं तर क्लब त्याला घरी पाठवणार. नाही म्हटलं तर... मी काय करणार होतो? हळू टाकले."

डेनिस तोंड उघडं टाकून बघत होता. "म्हणजे माझ्यासाठी? आणि मी इथे उभा राहून तुला..." वाक्य अर्धवट टाकून तो किंचाळला, "अरे गाढवा! ते बाईंच्या स्टेकचं रक्त होतं! माझ्या हाताला ओरखडासुद्धा नाही! नुसती बोटं मोडलीत!"

"नुसती?" एमिल म्हणाला.

"नुसती!"

आणि एमिल हसला. आधी हसला, मग तिथेच ट्रंकेवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन ढसाढसा रडायला लागला. डेनिस त्याच्याशेजारी बसून डाव्या हाताने त्याची पाठ थोपटत होता आणि स्वतःही रडत होता. माझा जीव भांड्यात पडला. पदर असता तर डोळे पुसले असते, हॅटच्या फितीने पुसले.

कमिटीतल्या एका वजनदार गृहस्थांनी कागद फाडला. व्हीलॉकना मात्र कायदा सुचलाच. "श्टाउफर निर्दोष, ठीक आहे. पण मुल्काही जायबंदी आहे. नियमाप्रमाणे..."

"तर मीही जातो," एमिल म्हणाला. ट्रंक भरलेलीच होती. त्याने कडीला हात घातला.

व्हीलॉकनी ट्रंकेकडे पाहिलं. पुढचे सामने आठवले असावेत त्यांना. "बोटं बरी होईपर्यंत मुल्काहीने तिकिटं फाडावीत," ते घसा खाकरून म्हणाले. "पगार चालू राहील."

रुमालातला चेंडू मी त्या संध्याकाळच्या गाडीने स्वतः नेऊन दिला, सोड्याने धुऊन. पंचाचा शब्द होता ना.

६

पुढे डेनिसची बोटं वाकडी का होईना, जुळली. एमिल आमच्याकडे आणखी दोन वर्षं खेळला. मग मोठ्या शहराच्या क्लबने त्याला नेलं, आणि जाताना त्याची अट एकच होती की डेनिसलाही घ्या. खांद्यावरून चेंडू टाकायची मुभा झाली तेव्हा तोही तसा टाकायला लागला. एक उन्हाळा वर्तमानपत्रं त्याच्या नावाने भरली. दुसऱ्या उन्हाळ्यात कोपर गेलं. हात सरळ होईना, टोपीसुद्धा डाव्या हाताने घालावी लागायची. मग तो खाणीच्या गावी परत गेला आणि लोहाराच्या पोरीशी लग्न करून सराईसारखं छोटं हॉटेल चालवायला लागला. योस्ट गल्ल्यावर बसायचा.

मधे एकदा बायकोला घेऊन तो मला भेटायला आला. जाडा झाला होता, थोडा जास्त बोलायलाही शिकला होता. ट्रास्क तेव्हा वारले होते. बायको बाहेर फुलं बघत होती तेव्हा मी इतकी वर्षं मनात राहिलेलं विचारून टाकलं.

"खरं सांग, एमिल. ट्रास्कनी शोधून काढलं नसतं, तर तू शेवटपर्यंत बोलला नसतास?"

"नसतो."

"नाव काळं झालं असतं तुझं. जन्मभर खाणीत दगड फोडत बसला असतास."

"बसलो असतो की," तो म्हणाला. "दगडाला मोडायला बोटं नसतात, बाई."

तो सुटला होता हे मला किती वर्षांपासून ठाऊक होतं. तरी त्या क्षणी मला तो पुन्हा एकदा सुटल्यासारखं वाटलं, आणि मी त्याच्या कपात न विचारता आणखी कॉफी ओतली.